समुद्र दिसणारी खोली नको

मालवणात हजार-दोन हजारांतली खोली शोधणाऱ्या माणसाचा फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "समुद्र दिसतो का हो?" लॉजवाला "दिसता की" म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. दोन माडांच्या फटीतून, शेजारच्या गच्चीवरच्या टाकीला वळसा घालून, टाचा जरा उंचावल्या तर दिसतोही. पण कोकणात समुद्र पश्चिमेला. म्हणजे समुद्राकडे तोंड करून बसलेली खोली दुपारी दोनपासून दिवस मावळेपर्यंत ऊन खाते आणि ते ऊन रात्री दहा-अकरापर्यंत भिंतींतून परत देते. वर या दृश्याचे दोन-चारशे रुपये जादा. समुद्र बघायचा तर खाली उतरून चालत जावं, तिथे तो फुकट आहे आणि अख्खा दिसतो.

खोली घ्यावी पूर्वेची किंवा उत्तरेची. त्यातही एसी घेणार की नुसता पंखा, यावर दिशा बदलते. एसीवाल्या खोलीच्या खिडक्या बंदच राहणार, मग पश्चिमेच्या भिंतीचा उपयोग उष्णता साठवण्यापुरताच. पंख्याची खोली असेल तर हिशेब उलटा होतो. दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे सुटतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे. दोन वेगवेगळ्या भिंतींना खिडक्या असलेली कोपऱ्यावरची खोली मिळाली तर हे दोन्ही वारे आरपार जातात. त्या खोलीत एसीचे पैसे वाचतात, तेही झोप न बिघडवता. एकाच भिंतीला दोन खिडक्या असतील तर त्या दोन नाहीत, एकच आहे असं धरून चालावं. आणि खिडकीला डासांची जाळी नसेल तर ती खिडक्यांच्या गणतीतच नाही, कारण संध्याकाळी सहाला ती बंद करावी लागते.

मजला हाही विचारण्याचा विषय. वरचा मजला म्हणजे हवा, असं पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतं. इथे वरचा मजला म्हणजे डोक्यावर तापलेला स्लॅब. मात्र कोकणात पुष्कळ ठिकाणी पावसाच्या गळतीसाठी स्लॅबच्या वर आणखी पत्र्याचं छप्पर घालतात, आणि गळतीसाठी घातलेला तो पत्रा उन्हाळ्यात स्लॅबला सावली देतो. म्हणून फोनवर सरळ विचारावं, "स्लॅबवर पत्रा आहे का?" असेल तर वरचा मजला चालेल. जुलैत त्याच पत्र्यावर पाऊस रात्रभर ताशा वाजवतो, तेवढं सोसायची तयारी हवी. मंगलोरी कौलांची खोली सगळ्यात थंड, पण तिथे पाली, वरून पडणारी माती आणि बऱ्याचदा एसीचा अभाव, हे सगळं एकत्रच मिळतं.

एसीबद्दल "आहे का" एवढंच विचारून भागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीला एक टनाचा पुरतो, तापणाऱ्या स्लॅबखाली तो धापा टाकतो, तिथे दीड टन लागतो. पण किनाऱ्यावर खरा प्रश्न टनाचा नसून वयाचा असतो. खारट हवेने बाहेरच्या युनिटमधली कॉइल आणि तिच्या पात्या खाल्ल्या जातात, बारीक भोकं पडून गॅस झिरपतो, आणि मग एसी आवाज सगळा करतो पण गारवा देत नाही. दुसरं दुखणं म्हणजे पाणी सोडणाऱ्या नळीत शेवाळ साचणं. ती तुंबली की पाणी खोलीत टपकतं, आणि नेमकं पलंगाच्या उशाशीच. चालू एसी १८ वर लावणं हा शहरी हट्टही इथे महागात पडतो. दार उघडताच बाहेरची दमट हवा आत शिरते आणि आरसा, चष्मा, कॅमेऱ्याची काच, फरशी सगळ्यांना घाम फुटतो. २५-२६ वर ठेवून पंखा एकवर सोडावा. पावसाळ्यात रिमोटवर 'ड्राय' असं जे बटण कुणी दाबत नाही, ते दाबावं.

वीज मे अखेरीस, वळवाच्या पहिल्या वादळात जाते. माडाची झावळी नाहीतर आंब्याची फांदी तारांवर पडते, आणि वायरमन येईपर्यंत गाव अंधारात. "लाइट गेल्यावर काय?" असं विचारलं की "इन्व्हर्टर आसा" हे उत्तर हमखास येतं. ते खरं असतं, फक्त अपुरं असतं. पंख्याला साधारण ७५ वॅट लागतात, दीड टनाच्या एसीला दीड हजारांच्या घरात. म्हणजे एका एसीत वीस पंखे. साध्या लॉजचा इन्व्हर्टर खोलीमागे एक पंखा आणि एक दिवा चालवतो. तेवढं पुरेसं आहे, पण एसीच्या भरवशावर बिनखिडकीची खोली घेतली असेल तर नाही. जनरेटर असला तर तो रात्री किती वाजेपर्यंत चालवतात आणि त्यावर एसी चालतो का, हे वेगळं विचारावं.

मग पाणी. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. गोड्या पाण्याची पातळी खाली गेली की खालून खारं पाणी वर सरकतं. साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात, चहाची चव बिघडते. "पाणी गोडं आहे का?" या प्रश्नाचं मालवणात कुणालाही नवल वाटत नाही. पिण्यासाठी वीस लिटरचा जार ठेवलेला असतो, तो कुठल्या मजल्यावर आहे तेवढं पाहून ठेवावं. गरम पाणी बहुतेक ठिकाणी सोलरचं असतं, सकाळी सहा ते नऊ. नळी लांब असेल तर आधी बादलीभर गार पाणी जातं, मग गरम येतं. "गरम पाणी नाही" ही तक्रार पुष्कळदा त्या पहिल्या बादलीतच झालेली असते. पावसाळ्यात सोलर नावापुरता उरतो, तेव्हा गीझर आहे का ते विचारावं. उन्हाळ्यात हा प्रश्नच नाही. गच्चीवरच्या टाकीतून दुपारी गार नळालाही गरम पाणी येतं.

जायचं केव्हा, यावर खोलीचा भाव आणि लॉजवाल्याचा आवाज दोन्ही अवलंबून. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी उत्तम, त्यातून नाताळ ते नवं वर्ष वजा करावं. पंचांग बघून न सापडणारी एक तारीख मात्र सांभाळायला हवी. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा. तिची तिथी ठरलेली नाही, दरवर्षी देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि मग जाहीर होते. बहुधा फेब्रुवारीत किंवा मार्चमध्ये येते. त्या दोन-तीन दिवसांत मालवण, कणकवली, कुडाळ इथे खोली तर सोडाच, रिकामी रिक्षा मिळणं कठीण. जानेवारीत आरक्षण करताना लॉजवाल्यालाच विचारावं, "जत्रा कधी लागली?" त्याला ती तोंडपाठ असते.

पावसाळ्यात भाव पडतो आणि ज्याला नुसतं पडून राहायचं आहे त्याच्यासाठी तो सौदा चांगला आहे. फक्त काय मिळणार नाही ते समजून जावं. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग या दिवसांत धक्क्यावरून बघायचा, कारण मे महिन्याच्या अखेरीस होड्या बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. वॉटर स्पोर्ट्सचंही तेच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी, म्हणजे ताटातली सुरमई बहुधा बर्फातली. या दिवसांत खाडीची मासळी आणि सुकं मागवणारा शहाणा. लॉजच्या चादरीही जुलैत पुरत्या वाळत नाहीत, अंगाला ओलसर लागतात. स्वतःची एक सुती चादर न्यावी.

गावात राहावं की तारकर्लीला, हा वाद घरोघरी होतो. तारकर्ली सहा-सात किलोमीटर, त्याच्यापुढे देवबाग, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेली चिंचोळी पट्टी. आपली गाडी असेल तर तिकडे खुशाल राहावं. एसटी आणि रिक्षेवर फिरणाऱ्याने मालवणच्या बाजारपेठेत राहावं, असं आमचं ठाम मत. धक्का चालत, चिवला किनारा चालत, खानावळी चालत, औषधाचं दुकान चालत. तारकर्लीत रात्री आठनंतर डोकेदुखीची गोळी हवी झाली की त्या सात किलोमीटरचा अर्थ कळतो. फक्त एसटी स्टँडला लागून असलेली खोली टाळावी. पहाटेच्या गाडीचा भोंगा ज्याने ऐकला नाही त्यालाच ती सोयीची वाटते.

मालवणला रेल्वे नाही. उतरायचं कुडाळला किंवा कणकवलीला. मुंबई-मडगाव वंदे भारत कुडाळला थांबत नाही, कणकवलीला थांबते. कुडाळ जवळ, तीसेक किलोमीटर. स्टेशनापासून एसटी स्टँडपर्यंत रिक्षा आणि तिथून एसटी, किंवा थेट रिक्षा, भाडं बसण्याआधी ठरवून. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा आधी तिकीट आणि मग खोली, हाच क्रम. खोली दुसरी मिळते, मे महिन्यातलं कोकणचं तिकीट मिळत नाही. यात तुतारी एक्सप्रेसची गंमत लक्षात ठेवावी. ती दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. तिकिटावर १३ तारीख असेल तर घरातून निघायचं १२ च्या रात्री. तेराच्या रात्री फलाटावर गेलेल्या माणसाची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते, आणि खोलीचा एक दिवसही.

कोकणकन्येने आलात तर कुडाळला सकाळीच उतरता, मालवणात दहाच्या आत. खोली मिळणार बाराला. चेक-आउट ठरावीक वेळेचं आहे की २४ तासांचं, हे म्हणून आधी विचारायचं. २४ तासांचं असेल तर दहाला शिरून दुसऱ्या दिवशी दहाला निघा, तक्रार नाही. ठरावीक वेळेचं असेल तर सोमवार ते गुरुवार लवकर आत घेतात, कारण आदल्या रात्री खोली रिकामीच असते. रविवारी सकाळी घेत नाहीत, आणि घेतलीच तर चादरी बदललेल्या आहेत का ते बघून घ्यावं.

आगाऊ रक्कम एका रात्रीचीच द्यावी. पैसे पाठवताना यूपीआयवर येणारं नाव लॉजच्या किंवा मालकाच्या नावाशी जुळतं का बघावं. भलतंच नाव आलं तर थांबून, नकाशावरच्या नंबरवर वेगळा फोन करावा. ओळखपत्राची प्रत मागतात. आधारची द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेली द्यावी. सोबत अमेरिकेचा पासपोर्ट असलेला भाचा असेल तर ते आधीच सांगा. परदेशी पाहुण्याची नोंद लॉजला ऑनलाइन करावी लागते, आणि ती यंत्रणा नसलेला छोटा लॉजवाला ऐनवेळी हात वर करतो.

किल्ली हातात घेण्यापूर्वी खोलीत पाच मिनिटं द्यावीत. बॅगा बाहेर. आत जाऊन दार लावून घ्यायचं आणि एक मोठा श्वास. कुबट वास आला तर गादीचा कोपरा उचलून खालची फळी हाताने दाबून पाहा. गार आणि ओलसर लागली तर दुसरी खोली मागा. डांबरगोळ्यांचा उग्र वास आला तर कपाटाच्या मागची भिंत बघा, बुरशीचे काळे ठिपके बहुधा तिथेच असतात. एसी चालू करून तीन-चार मिनिटं थांबा, कॉम्प्रेसर उशिरा लागतो. तेवढ्यात नळ पूर्ण सोडून बादली लावा. तीन मिनिटांत भरली तर ठीक, सहा लागली तर सकाळी तीन खोल्यांचे नळ एकदम सुटल्यावर तुमच्या वाट्याला धारही येणार नाही. फ्लश एकदा ओढा, टाकी पुन्हा भरते का बघा. पंख्याचा रेग्युलेटर एकपासून पाचपर्यंत फिरवा. पुष्कळ ठिकाणी त्याला दोनच गती असतात, बंद आणि वादळ. कडी लागते का पाहा, कारण पावसाळ्यात दार फुगतं आणि कडी कोंड्यापर्यंत पोचत नाही. हे सगळं लॉजवाल्यासमोर, हसत, "दादा, जरा बघून घेतो" म्हणत करावं. त्याला राग येत नाही. येत असेल तर तेही कळलेलं बरं.

बरोबर काय न्यावं याची यादी आखूड आहे. चार-पाच मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे, कारण लॉजच्या गॅलरीत दोरी असते पण आधीच्यांचे कपडे त्यावर असतात. टर्किश टॉवेल घरी ठेवा, पंचा न्या. पंचा पंख्याखाली दोन-तीन तासांत वाळतो, टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच. डासांचं मशीन आणि तीन खाचांचा एक्स्टेन्शन बोर्ड, कारण खोलीत चालू प्लग एकच असतो आणि तो टीव्हीच्या मागे.

जेवणाचं काय सांगायचं, मालवणच ते. फक्त मेनूवर माशासमोर किमतीच्या जागी 'एपीएस' लिहिलेलं असेल, म्हणजे आकाराप्रमाणे भाव, तर मासा बघून आणि आकडा ऐकूनच हो म्हणावं. घरगुती खानावळीत दुपारचं जेवण सकाळी दहापर्यंत सांगून ठेवावं, तिथे मासळी माणसं मोजून आणतात. कोंबडी-वडे हवे असतील तर आदल्या संध्याकाळीच.

निघायचा दिवस मात्र आधीच आखून ठेवा. चेक-आउट दहाला आणि कुडाळहून परतीची गाडी संध्याकाळी, मधले आठ तास बॅगा कुठे? काउंटरमागे ठेवून घेतात, पैसे घेत नाहीत. चार-पाच जण असाल तर एक खोली अर्ध्या भाड्यात संध्याकाळपर्यंत मागावी, म्हणजे समुद्रात डुंबून आल्यावर अंगावरचं मीठ उतरवता येतं. नाहीतर रात्रभर गाडीत ते बर्थला घासत राहतं. बिल मागितलंत तर साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी पाच टक्के आहे, जुन्या सवयीने कुणी बारा लावले तर तिथेच दाखवून द्यावं. कुडाळच्या रिक्षेचं मात्र आदल्या रात्रीच ठरवा, आणि ती एक तास आधीची ठरवा. वाटेत फाटक लागत नसलं तरी रिक्षावाल्याचा एखादा मामा नक्की लागतो.