हिवाळ्यात जगतील तेवढ्याच गाई

स्वित्झर्लंडमधल्या फिस्प स्टेशनवर उतरलेले जवळजवळ सगळे प्रवासी झेरमाटच्या लाल-पांढऱ्या गाडीकडे धावतात. सगळ्यांना मॅटरहॉर्नचं शिखर पाहायचं असतं. गाडी दरीत शिरली की उजव्या बाजूला, खूप वर, डोंगराच्या उतारावर काळपट लाकडी घरांचं एक गाव आहे. त्याचं नाव ट्योर्बेल. मॅटरहॉर्न सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण स्वित्झर्लंड कसा घडला हे समजून घ्यायचं असेल तर मी पाहुण्यांना आधी इथे घेऊन येते.

गाव वालिस प्रांताच्या जर्मनभाषक भागात, साधारण 1500 मीटर उंचीवर आहे. वस्ती पाचशेच्या आसपास. खाली श्टाल्डेनला माटरफिस्पा आणि झासरफिस्पा या दोन नद्या एकत्र येतात. हिमनद्यांचं पाणी त्यांतून खळाळत वाहतं, पण ते खोल दरीत असल्यामुळे वरच्या शेताला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि पाऊस? आल्प्सच्या उंच रांगा दोन्हीकडून ढग अडवतात. त्यामुळे ही दरी देशातल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक ठरली आहे. श्टाल्डेनच्या परिसरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे जवळपास आपल्या दुष्काळी तालुक्यांइतकाच. स्वित्झर्लंड म्हटलं की डोळ्यांसमोर येणारी हिरवळ इथे आपोआप उगवत नाही, तिला पाणी पाजावं लागतं.

हे पाणी येतं पाटांनी. वरच्या खोऱ्यातल्या ओढ्यांचं पाणी डोंगराच्या कडेकडेने, अगदी हलका उतार देत, काही किलोमीटर वळवून आणायचं आणि मग प्रत्येक कुरणाला पाळीपाळीने द्यायचं. वालिसमध्ये असे पाट शेकडो वर्षांपासून आहेत. काही ठिकाणी ते उभ्या कड्यावर टांगलेल्या लाकडी पन्हळींतून नेलेले होते. पाळी कोणाची आणि किती वेळाची, हे कागदावर लिहीत नसत. त्याऐवजी लाकडाच्या छोट्या पट्ट्या असत. एका बाजूला घराण्याची खूण कोरलेली आणि दुसऱ्या बाजूला हक्काच्या वेळेच्या खाचा. अशी एक जुनी पट्टी मी वालिसमधल्या संग्रहालयात पाहिली. बोटाएवढी जाडी, कडा हातात वागवून गुळगुळीत झालेल्या आणि खाचा मात्र अजून धारदार. ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही आपला हक्क अंगठ्याने चाचपून कळत असे.

धुळ्याकडच्या वाचकांना इथे फड पद्धत आठवेल. पांझरेवरचे बंधारे, पाण्याची पाळी, पाटकरी, सगळ्यांनी मिळून पाट साफ करायचा रिवाज. दोन्हीकडची माणसं एकमेकांना कधी भेटली नाहीत, पण कमी पाण्यात भांडणं टाळायची तर साधारण याच व्यवस्थेपाशी पोचावं लागतं, असं मला वाटतं. 2023 मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंडसह युरोपातल्या सात देशांच्या पारंपरिक सिंचनाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आपला फड त्या यादीत यावा असं मला मनापासून वाटतं.

आता मूळ गोष्टीकडे येते. 1 फेब्रुवारी 1483 रोजी ट्योर्बेलच्या गावकऱ्यांनी एक करार केला. शिवरायांच्या जन्माच्या जवळपास दीडशे वर्षं आधीची ही तारीख. वरचं उन्हाळी कुरण, जंगल आणि पडीक जमीन सगळ्यांनी मिळून कशी वापरायची, यासाठी त्यांनी रीतसर मंडळ स्थापन केलं. पुढे 1517 च्या नियमात एक वाक्य आलं आणि त्याच वाक्यामुळे हे गाव जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांना माहीत झालं: ज्याला हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच त्याने उन्हाळ्यात सामाईक कुरणावर न्याव्यात.

यातली हुशारी समजायला इथलं वर्ष समजून घ्यावं लागतं. उन्हाळ्यात गाई वर, दोन हजार मीटरच्या आसपास, मोसआल्पच्या बाजूच्या कुरणांवर जातात. सप्टेंबरात खाली येतात. त्यानंतर बर्फ, आणि कित्येक महिने गोठ्यात बांधून फक्त वाळलेलं गवत. हे गवत ज्याचं त्याने आपल्या खासगी तुकड्यावर पिकवायचं, कापायचं, वाळवायचं आणि पाठीवरून गोठ्यात न्यायचं. म्हणजे तुमच्याकडे किती गाई असाव्यात हे तुमच्या गवताच्या गंजीने ठरायचं. बाहेरून स्वस्तात गुरं आणून उन्हाळाभर फुकट चारायची आणि थंडी पडायच्या आत विकून टाकायची, हा उद्योग त्या एका वाक्याने बंद झाला. कोणी किती गाई ठेवाव्यात यावर वाद नको, तर्क नको, ती मर्यादा हिवाळाच ठरवतो.

नियम कागदावर राहू नये म्हणून देखरेखही होती. निवडलेला अधिकारी मर्यादा ओलांडणाऱ्याला दंड करी आणि दंडातली निम्मी रक्कम स्वतः ठेवून घेई. गाई वर चढल्या की लगेच मोजल्या जात, आणि ज्याच्या जितक्या गाई त्या हिशेबाने हंगामाच्या शेवटी चीजचा वाटा मिळे. त्यामुळे कोणी गाई लपवून ठेवण्यात अर्थच नव्हता. कुरणावरचं शेण पसरणं, वाटा दुरुस्त करणं, हिमलोटाने मोडलेले गोठे पुन्हा उभारणं ही कामंही मंडळ ठरवून देई. जंगलात कोणती झाडं तोडायची ते अधिकारी खूण करून सांगे. गावकरी मिळून ती तोडत, खाली ओढून आणत, ओंडक्यांचे सारखे ढीग रचत आणि मग चिठ्ठ्या टाकून ढीग वाटून घेत. आपल्या वाट्याला कोणता ढीग येणार हे माहीत नसल्यावर सगळेच ढीग सारखे रचले जातात! मला ही युक्ती फार आवडते.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी गावात राहून, चर्चच्या आणि गावाच्या जुन्या नोंदी धुंडाळून हे सगळं मांडलं. 1968 मध्ये अमेरिकन पर्यावरणतज्ज्ञ गॅरेट हार्डिन यांनी म्हटलं होतं की सगळ्यांचं कुरण शेवटी ओसाड होणारच. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी नेटिंग यांच्या ट्योर्बेलचा दाखला देऊन दाखवलं की तसं व्हायलाच हवं असं नाही. ऑस्ट्रॉमबाईंना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

या व्यवस्थेची कठोर बाजू मात्र सांगायलाच हवी. 1483 च्या करारातच लिहिलं होतं की बाहेरच्या माणसाने गावात जमीन घेतली तरी सामाईक कुरणावर किंवा जंगलातल्या लाकडावर त्याचा हक्क नाही. हक्क फक्त गावच्या नागरिकांच्या घराण्यांना. म्हणजे सगळ्यांचं याचा अर्थ आमच्या सगळ्यांचं. बाहेरून आलेली म्हणून मला हे टोचतं, आणि तरीही हे दार उघडं असतं तर कुरण टिकलं नसतं हेही पटतं. या दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटतात. याची सावली आजच्या स्विस पासपोर्टवरही आहे. त्यात जन्मगाव छापत नाहीत, मूळ गाव छापतात. झुरिचमध्ये जन्मलेल्या, कधी गाय न पाळलेल्या माणसाच्या पासपोर्टवरही आजोबा-पणजोबांकडून आलेलं डोंगरातलं गाव असतं.

घरातली वाटणीही बघण्यासारखी. मुलगा-मुलगी दोघांनाही जमिनीत सारखा वाटा मिळे. हे वाचायला छान वाटतं, पण पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन शेताचे रुमालाएवढे तुकडे झाले. एका कुटुंबाचे तुकडे खाली दरीतल्या द्राक्षमळ्यापासून गावाभोवतीच्या राईच्या (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) वावरापर्यंत आणि वरच्या गवतापर्यंत विखुरलेले. घराचा एक मजला एकाचा, वरचा दुसऱ्याचा. धान्याच्या कोठाराचा अर्धा किंवा चौथा हिस्सा सुद्धा वारशात येई. ही कोठारं आजही गावात उभी आहेत. लार्चच्या लाकडाची, उन्हाने काळी पडलेली. ती थेट जमिनीवर नसतात. खाली लाकडी पाय, पायावर पसरट गोल दगडी चकती आणि चकतीवर कोठार. उंदीर पाय चढून येतो, पण चकतीच्या खालून उलटा चालत बाहेर येणं त्याला जमत नाही. चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या सुतार-गवंड्याने राईची पेंढी अशी राखली.

बाकी इतिहास थोडक्यात. वालिसचं मुख्य शहर सियोन, तिथल्या बिशपांची सत्ता, मग 1810 मध्ये नेपोलियनने प्रांत फ्रान्सला जोडला, 1815 मध्ये वालिस स्विस संघात आलं. 25 जुलै 1855 ला फिस्पच्या परिसरात मोठा भूकंप झाला. गेल्या काही शतकांतला हा देशातला सर्वांत जोरदार भूकंप मानतात. गावकऱ्यांच्या ताटात मात्र खरी क्रांती केली ती बटाट्याने. तेवढ्याच जमिनीत जास्त तोंडं भरू लागली आणि लोकसंख्या वाढली, असं नेटिंग यांचं म्हणणं आहे. विसाव्या शतकात फिस्पला लोंझाचा रासायनिक कारखाना आला. दरीतल्या कितीतरी गावांतले पुरुष दिवसभर पाळीत काम करून संध्याकाळी घरी येऊन गवत कापू लागले. शेती टिकली ती अशा अर्धवेळ हातांवर. आणि दिवसभर गोठा सांभाळणाऱ्या बायकांवर, ज्यांचा उल्लेख जुन्या करारांत फारसा सापडत नाही.

आज गाईंपेक्षा काळ्या तोंडाच्या, लोंबत्या लोकरीच्या मेंढ्याच जास्त लक्ष वेधून घेतात. या वरच्या वालिसच्याच जातीच्या. शेतकरी कमी झालेत, आणि डोंगराळ उतारावर गवत कापत राहावं म्हणून सरकार पैसे देतं. कोणी याला खैरात म्हणतं, मला ते पटत नाही. गवत कापलं नाही तर काही वर्षांत झुडपं माजतात, पाट बुजतात, आणि न कापलेल्या लांब गवतावरून बर्फ सहज घसरतो. यंत्र जिथे पोचत नाही तिथे अजून विळाच चालतो. शेजारच्या एम्ड गावाबद्दल तर इथे म्हणतात की तिथल्या कोंबड्यांच्याही पायांना बर्फावर चालायचे काटे बांधावे लागतात.

तुमच्यापैकी कोणी येणार असेल तर बर्नहून फिस्पला लोच्बेर्ग बोगद्यातून तासाभरात पोचता. 34.6 किलोमीटरचा हा बोगदा 2007 मध्ये सुरू झाला. पुढे पिवळी पोस्टबस वळणं घेत गावात नेते. जूनअखेर ते सप्टेंबर या काळात या. वरच्या कुरणापर्यंत चालत जा, राईचा कडक पाव आणि तिथलंच चीज खा. एक विनंती: फोटोसाठी उभ्या गवतात शिरू नका. फुलं कितीही सुंदर दिसली तरी ते कोणाच्या तरी गाईचं जानेवारीतलं जेवण आहे, आणि तुडवलेलं गवत विळ्याला नीट लागत नाही.