म्यूटवरची दाद

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी जेवण लवकर आटपून सड्यावर जातो. घर आमचं खाली, माडापोफळींत. तिथे रेंजची एखादी काडी आली तर आली. वर जांभ्याच्या गडग्यावर बसलं की चारही काड्या भरतात. कविता वाचायला एवढी घाटी चढतो हे ऐकून डोंबिवलीचा चुलतभाऊ म्हणाला, "बरंय, तेवढी तरी उंची मिळते तिला."

आमचं हे ऑनलाइन काव्यवाचन २०२०च्या टाळेबंदीत सुरू झालं आणि टाळेबंदी उठली तरी उठलं नाही. गावातले पाचसहा, बाकी चाकरमानी. माईक सगळ्यांना खुला, माणशी ३ मिनिटं. झूमवर फुकटात ४० मिनिटं मिळतात, म्हणजे तेरा कवी व्हायला हरकत नाही. होतात सात. कारण प्रत्येकाचा अर्धा वेळ "माझा आवाज येतोय ना?" यात जातो आणि उरलेला कविता कशी सुचली यात. मालगुंड आमच्यापासून फार लांब नाही. तिथे जन्मलेल्या केशवसुतांनी सॉनेट मराठीत आणलं, १४ ओळींचं सुनीत. शाळेत ते आम्ही दोन मार्कांपुरतं पाठ केलं होतं. आता त्याची खरी किंमत कळते. १४ ओळी मिनिटभरात संपतात!

खरी पंचाईत दादेची. विंदा करंदीकर, पाडगावकर आणि वसंत बापट तिघे मिळून गावोगाव कविता वाचत, सभागृहं भरत. तिघांतले दोघे इकडचेच, विंदा देवगडजवळच्या धालवलीचे, पाडगावकर वेंगुर्ल्याचे. त्या काळी समोरून 'वा' आली की कवी थांबायचा, तीच ओळ परत घ्यायचा. इथे सगळे म्यूटवर. आपण जीव ओतून ओळ टाकतो आणि समोर बारा चौकोन, त्यातल्या चारांत नुसता पंखा फिरतोय. कोणी माईक उघडून 'वा' म्हणालंच तर ती पोचेपर्यंत आपण पुढच्या ओळीवर गेलेलो, आणि दाद नेमकी फुसक्या ओळीला लागते. आमच्या भजनी मंडळानेही एकदा हा नाद केला होता. बुवा पेटीवर इथे, झांजा विरारला. बुवांनी गजर धरला, कोरस एक ठेका मागून आला, मग दोन ठेके. तिसऱ्या ओळीला बुवांनी पेटी मिटली ती मिटलीच. एका वेळी एकानेच बोलायचं असतं, म्हणून कविता तेवढी या तारेतून निभावते. टाळ्याही पोचत नाहीत. माणसाच्या बोलण्यापलीकडचं जे काही असेल त्याला हे यंत्र गोंगाट समजतं आणि गाळून टाकतं.

हे मला कळलं गेल्या जुलैत, वरच्या वाडीतल्या काकूमुळे. (तिचं घर सड्याला लागून, तिला पडवीत बसून रेंज मिळते. नशीब एकेकाचं.) काकू व्हिडिओ बंद ठेवूनच वाचते, समोर वहीसुद्धा नसते, ओव्या म्हणाव्यात तशी म्हणते. त्या रात्री कविता पावसाची होती. मधेच थांबून ती म्हणाली, "आता माझं राहूं दे, ह्याचं ऐका."

शांतता. मग चॅटमध्ये एकामागून एक: काकू आवाज गेला. काकू म्यूट झालात. तिकडे तिच्या पडवीच्या पत्र्यावर पाऊस ताशा बडवल्यासारखा कोसळत होता आणि आमच्याकडे त्यातला थेंबही येत नव्हता.

शेवटी तिच्या नातवाने सेटिंगमध्ये जाऊन मूळ आवाज चालू केला. आणि पाऊस जो आत घुसला, डोंबिवलीवाल्याने कानातले इअरफोन ओढून काढले. काकू पुढचं कडवं म्हणत होती बहुतेक. एक शब्द कळला नाही. ३ मिनिटं कधीच होऊन गेली होती, तरी तिला म्यूट करायला कोणी हात लावला नाही. ४० मिनिटं भरली आणि मीटिंग आपली आपण बंद पडली, तेव्हाही तिकडे तो पडतच होता.