पॅक-मॅनचा मूळ कोड स्पेक्ट्रम प्लस थ्रीवर: माझा अनुभव

नामकोच्या १९८० च्या पॅक-मॅन या आर्केड खेळाच्या बोर्डावर ३.०७२ मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर आहे. स्पेक्ट्रम प्लस थ्री या घरगुती संगणकातही झेड८०च, ३.५४६९ मेगाहर्ट्झचा. म्हणून खेळ नव्याने लिहायच्या भानगडीत पडलो नाही. मूळ १६ के कोड तसाच चालवायचा आणि आपण आपल्याच बोर्डावर आहोत असं त्याला भासवायचं, एवढंच काम ठरवलं. भुतांची चाल, कोपऱ्यावर पॅक-मॅन जी थोडी आघाडी मारतो ती, २५६ व्या लेव्हलला अर्धा पडदा बिघडतो तो, हे सगळं मग आपोआप मिळतं. रॉम (फक्त वाचता येणाऱ्या मेमरीतला हा कोड) मात्र स्वतःच्या बोर्डावरूनच काढावी लागते. ती वाटता येत नाही, वाटायचा तो फक्त पॅच, म्हणजे मी केलेले बदल. खालचे पत्ते सगळे हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावर आहेत.

साधा ४८ के किंवा १२८ के स्पेक्ट्रम इथे चालत नाही. मूळ कोड ०००० पासून ३एफएफएफपर्यंत बसतो आणि त्या यंत्रांत तिथे कायम रॉम असते. प्लस टू-ए आणि प्लस थ्रीमध्ये मात्र १एफएफडी या पोर्टवरून मेमरीच्या १६ केच्या चारही खणांत रॅम आणता येते. पोर्टवर ०१ लिहिलं की या खणांत ओळीने बँक, म्हणजे रॅमचे तुकडे, ०, १, २, ३ लागतात. ०५ लिहिलं की ४, ५, ६, ३ आणि ०७ लिहिलं की ४, ७, ६, ३. बँक ३ तिन्ही मांडण्यांत सी००० वरच राहते. माझा सगळा कोड तिथे. खेळ ०१ मध्ये पळतो, चित्र काढताना ०५ किंवा ०७. बँक ० ते ३ ला पडद्याच्या सर्किटशी मेमरी वाटून घ्यावी लागत नाही, म्हणून खेळाचा कोड पूर्ण वेगाने चालतो. ४ ते ७ मध्ये थोडी वाट पाहावी लागते, पण ती फक्त चित्र काढताना.

पहिला फटका स्टॅकचा, म्हणजे परतीचे पत्ते ठेवायच्या जागेचा. खेळ स्टॅक ४एफसी० ला ठेवतो. मांडणी बदलली की त्याच पत्त्यावर पडद्याची मेमरी येते, आणि एक साधा कॉल केला तरी १११ व्या ओळीच्या उजव्या टोकाला टिपके उमटतात. कचरा नेमक्या त्याच जागी दिसला तर दुसरीकडे शोधू नका. पोर्टला हात लावण्याआधी इंटरप्ट (प्रोसेसरला मधेच थांबवणारे इशारे) बंद करायचे, एसपी (स्टॅकचा चालू पत्ता) जपून ठेवायचा आणि बँक ३ मधला स्वतःचा स्टॅक लावायचा.

आता पडदा. मूळ पडदा उभा, २२४ × २८८, म्हणजे ८ × ८ च्या २८ × ३६ टाइल. स्पेक्ट्रमकडे २५६ × १९२. रुंदी पुरते, उंची नाही. टाइल ६ × ६ केली की गणित अगदी चपखल बसतं. ४०४० ते ४३बीएफ या मुख्य भागात २८ × ३२ टाइल आहेत: चक्रव्यूहाच्या ३१ रांगा आणि वरची एक मोकळी. ३२ गुणिले ६ म्हणजे बरोबर १९२. रुंदी १६८ होते आणि बाजूला ८८ पिक्सेल, म्हणजे ११ अक्षरांची पट्टी उरते. स्कोअरच्या वरच्या दोन रांगा आणि जीव-फळांच्या खालच्या दोन रांगा तिकडे हलवल्या. त्यासाठी १,०२४ नोंदींचा, दोन-दोन बाइटचा तक्ता केला: टाइलचा पत्ता द्या, पडद्यावरचा पत्ता घ्या. मूळ टाइलमेमरी उजवीकडच्या रकान्यापासून डावीकडे जाते, त्यामुळे तक्ता नसेल तर डोकं चक्रावतं.

सहा पिक्सेलच्या चार टाइल म्हणजे २४ पिक्सेल, तीन बाइट. त्यामुळे सरकवण्याच्या चारच तऱ्हा होतात. पहिली आणि चौथी टाइल एकाच बाइटात मावते, मधल्या दोन प्रत्येकी दोन बाइटांत पसरतात. एका टाइलला ६ बाइट × ६ ओळी = ३६, आणि २५६ टाइलना ९,२१६ बाइट. टाइलची चित्रं प्रोग्रामने लहान करायला गेलो तर भिंतीच्या दुहेरी रेषा एकमेकींना चिकटल्या. हातानेच काढावी लागली. टिपका मूळचाच २ × २ आहे, तो ६ × ६ च्या मधोमध नेमका बसतो.

स्प्राइट, म्हणजे पडद्यावर फिरणारी चित्रं, १६ वरून १२ पिक्सेलवर आले. ० ते ४ पिक्सेल सरकवलेलं चित्र दोन बाइट रुंदीत मावतं, ५ ते ७ ला तीन लागतात. एका चित्राला १२० + १०८ = २२८ बाइट, ६४ चित्रांना १४,५९२. बँक ४ मध्ये आरामात बसले. मुखवटा ठेवला नाही, सरळ ओआर करतो, म्हणजे मागच्या चित्रावरच स्प्राइटचे पिक्सेल चढवतो. भुताचं अंग भरीव असल्याने खालचा टिपका झाकला जातो, आणि पॅक-मॅनच्या उघड्या तोंडात टिपका दिसलेला उलट बरा वाटतो.

रंगात मात्र हार मानली. स्पेक्ट्रमचा रंग ८ × ८ च्या चौकटीला लागतो, माझ्या टाइल ६ च्या. भुताखालची चौकट रंगवली की शेजारची भिंतही गुलाबी होते. चक्रव्यूह एकरंगी ठेवला, रंग फक्त बाजूच्या पट्टीत. भुतांपैकी ब्लिंकी भरीव, पिंकी, इंकी आणि क्लाइड यांना वेगवेगळी जाळी. तिघांची प्रत्येकी ८ चित्रं आणि फ्लिप बिटने (चित्र उलटं करणाऱ्या बिटने) येणाऱ्या डाव्या-वरच्या पॅक-मॅनची ४, मिळून २८ चित्रं, ६,३८४ बाइट. टाइलच्या ९,२१६ मध्ये मिळवली की १५,६००. बँक ६ भरली, पण उतू गेली नाही.

दर फ्रेमला प्लस थ्रीकडे ७०,९०८ टी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, असतात. इंटरप्ट आला की क्रम असा: मागच्या वेळी काढलेला पडदा दाखवायचा, कळांचे बाइट लिहायचे, स्प्राइटचे रजिस्टर बँक ३ मध्ये उतरवून घ्यायचे, टाइलमेमरीत काय बदललं ते शोधायचं, मग मांडणी बदलून चित्र काढायचं, परत यायचं, आवाज द्यायचा आणि मूळ इंटरप्ट रूटीनला, ००८डी ला, उडी मारायची. टाइलमेमरीची प्रत बँक ३ मध्ये असते. १,०२४ बाइटची तुलना एका दमात केली तर जवळपास ३०,००० टी-स्टेट जातात, म्हणून फ्रेमला एक चतुर्थांशच तपासतो: २५६ बाइट, बाइटला २९, सुमारे ७,४००. टिपका चार फ्रेम उशिरा पुसला जातो, पण तोवर त्यावर पॅक-मॅनच असतो.

दोन पडदे आलटून-पालटून वापरताना एक चूक हमखास होते. बदललेली टाइल एकाच पडद्यावर काढली जाते आणि खाल्लेला टिपका फ्रेमआड लुकलुकत राहतो. बदलांची यादी दोन फ्रेम चालवायची. स्प्राइटखालची जपलेली पार्श्वभूमीही प्रत्येक पडद्याची वेगळी हवी, आणि क्रम मोडायचा नाही: आधी पार्श्वभूमी परत, मग टाइल, मग नवी पार्श्वभूमी जपून स्प्राइट.

आर्केडचा वेग सेकंदाला ६०.६ फ्रेम, इथे ५०. काहीच केलं नाही तर खेळ रेंगाळतो. दर पाचव्या फ्रेमला मूळ रूटीन दोनदा बोलावलं की ६० होतात.

आवाजासाठी नामकोच्या तीन व्हॉइस प्लस थ्रीतल्या एवाय या आवाजाच्या चिपच्या तीन चॅनेलवर टाकल्या. दुसऱ्या-तिसऱ्या व्हॉइसच्या १६ बिट आकड्याने सुमारे ७५,६७० ला भागलं की एवायचा पिरियड मिळतो. आवाजाची पातळी तशीच उतरवू नका. नामकोची सरळ चढते, एवायची लॉगने, म्हणून ८ ला १३, ४ ला ११, २ ला ९. चौकोनी लहरीमुळे सायरन जरा कर्कश लागतो, त्याला इलाज नाही.

सगळ्यात चिवट भाग पॅचचा. ५००० वर वाचलं की जॉयस्टिक, लिहिलं की इंटरप्टची परवानगी. आर्केडमध्ये या दोन वेगळ्या गोष्टी, माझ्याकडे एकच रॅमचा बाइट. खेळ तिथे ० लिहितो आणि सगळ्या दिशा एकदम दाबल्यासारख्या होतात, कारण कळ दाबली की बिट ० असतो. ते लिखाण दुसरीकडे वळवायला हवं. व्हेक्टरसाठी (इंटरप्ट आल्यावर कुठे उडी मारायची त्या पत्त्यासाठी) खेळ पोर्ट ० वर लिहितो. स्पेक्ट्रमवर त्याने बॉर्डर लाल-हिरवी होते, तिथे दोन नॉप (काहीच न करणाऱ्या सूचना). व्हेक्टर कुठून वाचायचा ते ठरवणाऱ्या आय रजिस्टरमध्ये ३एफ राहिलं तर व्हेक्टरचा वरचा बाइट ४००० वरून, म्हणजे चालू टाइलमधून वाचला जातो आणि यंत्र भलतीकडेच उडी मारतं. एवढे बदल झाल्यावर सुरुवातीची रॉमची बेरीज जुळणार नाही, ती चाचणी वगळावी लागते.

इतकं करून मेम या आर्केड एम्युलेटरशी ताडून पाहिलं, तर सगळं जुळलं, फक्त भुतं निळी झाल्यावर एखादं वेगळ्या वळणाला जायचं. कारण रॅन्डम आकडा. जुन्या आकड्याला ५ ने गुणून १ मिळवायचा, १एफएफएफपर्यंत छाटायचा आणि त्या पत्त्यावरचा रॉमचा बाइट वाचायचा. दिशा ठरते त्याच्या शेवटच्या दोन बिटांवरून. म्हणजे २००० च्या खाली मी बदललेला प्रत्येक बाइट निळ्या भुताची दिशा बदलू शकतो. मग पॅच असे निवडले की शेवटचे दोन बिट तेच राहतील. ५००० चं ५००८ केलं, ०० आणि ०८ दोन्ही ०० वर संपतात. आय रजिस्टरला ३एफऐवजी एफई देणार होतो, त्याचे शेवटचे बिट १०. एफबी दिलं, ते ३एफसारखंच ११. व्हेक्टरचा तक्ता एफबी०० पासून २५७ बाइट, सगळे एफए, आणि उडी एफएएफएला.