पाठचा

मंगळवार, रात्री साडेअकरा

दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेली लघुकादंबरी आज संपली. ठाण्याहून स्लो पकडली, घाटकोपरला बसायला मिळालं आणि शेवटची वीस पानं वाचताना करी रोड कधी मागे पडलं कळलंच नाही. भायखळ्याला उतरून उलटी गाडी घेतली.

गोष्ट दोन मुलांची. एक घरचा, दुसरा सांभाळायला आणलेला. शाळेत कुणी ‘हा तुझा कोण?’ विचारलं की थोरला दर वेळी निराळं सांगतो. मावसभाऊ. गाववाला. शेजारचा. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो.

मीही हेच केलंय. 2006 साली लालबागच्या आमच्या खोलीत तो बालसंगोपन योजनेतून आला. तो सात वर्षांचा, मी अकराचा. दत्तक नव्हे. दत्तक मूल कायद्याने तुमचंच होतं, तुमचं आडनाव लावतं. संगोपनातल्या मुलाचं आडनाव त्याचंच राहतं, आणि त्याच्या घरची घडी बसली की त्याने आपल्या माणसांत परत जायचं असतं. आईला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मलाही सांगितलं असेल, मीच ऐकलं नसेन. आज या योजनेत मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात, तेव्हा कितीतरी कमी मिळत. तेही आईने त्याच्या नावाने पोस्टात ठेवले.

कादंबरीत एकच खटकलं. संस्थेची बाई नुसती फाइल घेऊन येते आणि जाते. आमच्याकडे येणाऱ्या ताई त्याच्या वहीतली चित्रं बघत बसायच्या, पुढ्यातला चहा गार व्हायचा. लेखकाने त्या बाईला एकदा तरी खाली बसवायला हवं होतं.

दहा बाय बारात आम्ही पाठीला पाठ लावून झोपायचो. ‘पाठचा भाऊ’ म्हणजे आपल्यानंतर जन्मलेला, हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, पाठीला टेकून झोपतो तो. म्हणजे शब्द माझ्याकडे होता. शाळेत तोंडातून निघाला नाही, एवढंच.

आला तेव्हा तो चपला दाराबाहेर काढायचाच नाही. रात्री उशाखाली घेऊन झोपायचा. आई रागावली नाही, उशीखाली जुनं वर्तमानपत्र घालायची. पावसाळा सरला, गणपती झाले, आणि एके दिवशी गॅलरीत आमच्या चपलांच्या रांगेत त्याच्याही दिसल्या. आईने मला खुणेनेच दाखवल्या.

दोन वर्षांनी बालकल्याण समितीचा आदेश झाला आणि त्याचा मामा न्यायला आला. कादंबरीतला थोरला त्या वेळी गच्चीवर जाऊन बसतो, खाली येतच नाही. मी घरातच होतो. मामा दारात उभा, पिशवी भरलेली, आणि त्याची एक चप्पल काही सापडेना. तो खाटेखाली बघत होता, शेजारच्या काकूही शोधू लागल्या. मी भिंतीला पाठ लावून उभा. आईने एकदाच माझ्याकडे पाहिलं, स्टूल घेतलं, पोटमाळ्यावर पितळी डब्यामागे हात घातला, आणि ती चप्पल काढून त्याच्या पायाशी ठेवली.