सिस्सूचा बर्फ आणि आजीचा डबा

आमच्या थोरलीला बर्फ दोनच ठिकाणचा माहीत होता. एक फ्रीजच्या ट्रेमधला आणि दुसरा सारसबागेबाहेरच्या काला खट्टा गोळ्यातला. जानेवारीत मनालीला जायचं ठरल्यावर तिने आजीकडून स्टीलचा एक छोटा डबा मागून घेतला. "आजी, तुझ्यासाठी बर्फ आणते." आजीने तो रिकामा दिला नाही. संक्रांत नुकतीच झाली होती, त्यामुळे त्यात गूळपोळीचे तुकडे भरले. बर्फात बसून खायला याहून चांगला खाऊ मला सुचत नाही. थंडीत मऊ पडत नाही, तूपगूळ असल्याने अंगात ऊबही राहते.

पुण्याहून विमानाने चंदीगड, पुढे दिवसभर गाडी. वळणांवर साडेतीन वर्षांच्या धाकट्याला दोनदा उलटी झाली. म्हणून मनालीत पूर्ण एक दिवस काहीच केलं नाही आणि हा निर्णय फार बरा ठरला. मनालीच साधारण दोन हजार मीटरवर आहे आणि आम्हाला जायचं होतं ते लाहौल खोऱ्यातलं सिस्सू गाव तीन हजारांच्याही वर, सिंहगडाच्या दुपटीहून जास्त उंचीवर. लहान मुलांना एका दमात तिथे नेऊ नये.

गाडी तिथलीच घेतली, फोर बाय फोर. ताजा बर्फ पडला की सोलंगच्या पुढे साध्या गाड्या सोडत नाहीत. रस्त्यावर पातळ बर्फाचा थर असतो, तो काळ्या डांबरावर दिसतच नाही. तिथे गाडी चालवायला तिथलाच माणूस हवा.

वाटेत भाड्याने कोट आणि गमबूट घेतले. माझी चूक इथे झाली. धाकट्याच्या मापाचे बूट नव्हते, तर एक माप मोठे घेतले. तिथे चार दुकानं फिरायला हवी होती.

मग अटल बोगदा. एक्स्प्रेसवेवरचे बोगदे आमच्या मुलांच्या सवयीचे: आत शिरलं की ओरडायचं, दम संपायच्या आत बाहेर. हा ९.०२ किलोमीटरचा. दोघं ओरडली, थकली, गप्प झाली, तरी बोगदा चालूच. ३ ऑक्टोबर २०२० ला तो खुला झाला. त्याआधी डोंगरावरची रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की लाहौलची माणसं वर्षातले जवळपास सहा महिने अडकून पडायची. आजारी माणूस, बाळंतीण, सगळ्यांचाच रस्ता बंद. आपण सहलीला जातो त्या रस्त्याची त्यांना किती गरज होती, हे मला बोगद्यातच पहिल्यांदा जाणवलं.

पलीकडे तोंडातून बाहेर पडलो आणि डोळे दिपले. दोन्ही बाजूंना पांढरे डोंगर, खाली चंद्रा नदीची निळसर रेघ. ड्रायव्हरभैयांनी सांगितलं, "बच्चों को धूप में ही रखना." आम्ही गर्दीपासून जरा लांब, उन्हातला तुकडा शोधला.

थोरलीने पहिलं पाऊल टाकलं आणि थबकली. कॉर्नफ्लोअर मुठीत दाबल्यावर येतो ना, तस्सा करकर आवाज. ती वाकून मूठ भरायची, गोळा करायला जायची, तो भुरभुर सांडायचा. पिठीसाखरच. "हा चिकटतच नाही!" सावलीतला बर्फ कोरडा होता. उन्हातला, जरा ओलसर झालेला घेतल्यावर गोळा वळला. हे तिचं तिनेच शोधलं आणि पुढचा अर्धा तास भावाला शिकवण्यात गेला. स्नो स्कूटर, घसरगाडी, कशाचीही आठवण आली नाही. सतरंजीएवढी जागा पुरली दोघांना.

धाकटा मात्र अचानक रडायला लागला. बुटात बर्फ शिरून मोजे चिंब. बाबांनी त्याचे पाय स्वतःच्या जाकिटाच्या आत, पोटाशी धरले. मी कोरडे मोजे काखेत गरम करून घातले, वरून प्लॅस्टिकची पिशवी, मग बूट. दोन मिनिटांत हसायला लागला. लहान मुलांबरोबर जाणाऱ्यांनी एक कराच: मोजे आणि हातमोजे प्रत्येकी तीन जोड न्या, लोकरीचे. सुती ओले झाले की थंडी धरून ठेवतात. आणि गॉगल विसरू नका. ताजा बर्फ जवळपास ८० टक्के अतिनील किरण परत फेकतो. आम्ही क्रीम गालांना लावलं, हनुवटीखाली राहिलं आणि थोरली नेमकी तिथेच भाजली.

गूळपोळी संपली, गरम मॅगी झाली, तोवर ढग उतरले. बारीक हिम पडायला लागलं. थोरलीच्या निळ्या बाहीवर एक कण येऊन बसला. सहा पाकळ्या, प्रत्येकीला बारीक फांद्या. तिने श्वास रोखला, मीही. मग तो टिपका झाला.

निघताना तिने डबा दाबून दाबून भरला. हॉटेलवर हीटरपाशी उघडला तर तळाशी तिसरा हिस्सा पाणी. मला वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, "बाहेर ठेवूया." रात्रभर डबा गॅलरीत राहिला.

सकाळी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. तिने चमच्याने डब्यात ठोकलं. टण् टण्.

"आजी, ऐक. आता हा आपल्या गोळेवाल्याचा बर्फ झालाय."