मोठीची आजी

सोमवार, रात्री

बाळ घरी येऊन आज अकरा दिवस झाले. दिवसभरात मी त्याला किती वेळा घेतलं ते आठवायला बसले, तर मोजता येईना. सूनबाईनं पाजून ठेवलं की मी पुढे. ढेकर मी काढणार, दुपटं मी बदलणार, झोपवणारही मीच.

संध्याकाळी मोठी दिसेना. चार वर्षांची पोर, घरातल्या घरात जाणार कुठे? तिच्या बाबाला ती पलंगाखाली सापडली. रडत नव्हती. बाळाचा एक मोजा हातात घेऊन नुसती बसली होती.

"काय करतेस गं इथे?"

"काही नाही."

तिचं ते 'काही नाही' अजून कानात आहे. ती तिथे किती वेळ होती, हे आम्हा तिघा मोठ्या माणसांपैकी एकालाही सांगता आलं नाही.

मंगळवार

टांझानियातल्या हाड्झा लोकांबद्दल पूर्वी वाचलेलं आज पुन्हा काढून वाचलं. ही माणसं पूर्वापार शिकार करून आणि कंदमुळं, फळं गोळा करून जगत आली. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यात राहून पाहिलं, की मूल होण्याचं वय उलटून गेलेल्या बायका तासन् तास कंद खणतात. १९९७ साली त्यांनी त्यावर लिहिलं. तान्हं अंगावर पीत असलं की आईचं खणणं कमी होतं. अशा वेळी आधीच्या मुलाचं वजन कसं वाढतं, याचा संबंध आजीच्या कष्टांशी लागतो. पाळी गेल्यावरही बायका इतकी वर्षं का जगतात, याचं एक उत्तर त्यांना यात दिसलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फक्त अभिमान वाटला होता. आज वाचताना 'आधीचं मूल' या दोन शब्दांवर अडले. त्या आज्यांचं खणणं तान्ह्यासाठी नव्हतं. तान्ह्याला आई होती. आजी होती ती मोठ्या पोरासाठी.

आणि मी गेले बारा दिवस तान्ह्याभोवती फिरते आहे. नवं बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं. एकेका वेळेला अर्धा तास धरला तरी आईचे चार ते सहा तास नुसत्या पाजण्यात जातात. हे तास मोठीच्या वाट्यातून गेले. माझे तर मोकळेच होते.

बुधवार

ठरवलं की आजपासून मी मोठीची. पण पहिल्याच दिवशी चुकले, तेही मोठं.

सकाळभर आम्ही ठोकळे मांडले, चित्रं काढली. दुपारी तिनं मोबाइल मागितला. आई आतून म्हणाली, "आज झालाय बघून, आता नाही." पोरीचे डोळे भरले. मला वाटलं, आधीच बिचारीचं सगळं बदललंय, त्यात आणखी एक 'नाही' कशाला? हळूच माझा मोबाइल तिच्या हातात दिला आणि बोट ओठांवर ठेवलं.

अर्ध्या तासानं सूनबाई बाहेर आली. काही बोलली नाही. बोलली ती मोठीच, "आजी देते. तू देत नाहीस."

सूनबाईचा चेहरा मी पाहिला. टाके अजून दुखतायत, रात्री सलग दोन तास झोप नाही. अशा बाईच्या शब्दाची किंमत मी तिच्याच लेकीसमोर कमी केली होती. आणि पोरीला तरी काय मिळालं? बाळ आल्यापासून आई दूर गेली असं तिला आधीच वाटतंय, त्यात आई वाईट आणि आजी चांगली अशी वाटणी करून मी ते आणखी पक्कं केलं.

संध्याकाळी दोघींना समोर बसवून म्हटलं, "आई नाही म्हणाली होती, तरी मी मोबाइल दिला. माझं चुकलं. आईनं नाही म्हटलं की आजीचंही नाहीच." मोठीनं आधी माझ्याकडे आणि मग आईकडे पाहिलं. सूनबाई पटकन म्हणाली, "असू द्या हो आई." पण तिचा आवाज सैल झाला होता, ते मला कळलं. लहान मुलासमोर आपली चूक कबूल करायची मला सवय नाही. आमच्या वेळी मोठी माणसं कबूल करत नसत. जड गेलं, तरी केलं ते बरं झालं.

गुरुवार

बाळाला पालथं घातलं की ते शांत झोपतं, असं आज जिभेवर आलं होतं. माझी दोन्ही मुलं पालथीच झोपली, आणि तेव्हा डॉक्टरही तेच सांगत. तरीही बोलण्याआधी सूनबाईला विचारलं. तिनं सांगितलं, पहिलं वर्षभर झोपवताना उताणंच, आणि जवळ उशी, मऊ पांघरूण काही नाही. पालथ्या बाळांमध्ये झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो, हे पुढे लक्षात आलं. अमेरिकेत १९९४ मध्ये उताणं झोपवण्याची मोहीम निघाली आणि काही वर्षांत अशा मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. ऐकून अंगावर काटा आला. मी मुलं वाढवली आहेत हे खरं, पण त्यानंतर काय काय कळलं ते मला या दोघांकडूनच शिकायचं आहे. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हेही तिनंच सांगितलं.

आणखी एक. मुलगा दुपटं बदलत होता, हात वाकडेतिकडे पडत होते. मी उठले आणि परत बसले. त्याला दहा मिनिटं लागली. लागू देत. मी हातातून घेतलं असतं तर उद्या तो उठलाच नसता.

शनिवार, दुपारी

काल गुडघे फार दुखले. "आज संध्याकाळी माझ्यानं होणार नाही," असं मुलाला सरळ सांगितलं. त्यानं लवकर येऊन सगळं सांभाळलं. न सांगता कण्हत राहिले असते तर त्या दोघांना माझंही ओझं झालं असतं.

सूनबाईला आज एकटीला गाठून विचारलं, "तू कशी आहेस?" चौथ्या-पाचव्या दिवशी ती उगाच रडायची. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींना तसं होतं आणि दोनेक आठवड्यांत ते ओसरतं. त्यापुढेही मन उदासच राहिलं, कशात लक्ष लागेना, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर मी कितीतरी महिने तशीच होते. सगळे बाळ कसं आहे ते विचारत. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. ते दिवस आठवले की अजून घसा दाटतो. म्हणूनच विचारलं.

ती म्हणाली, "रडू नाही येत आता. दमलेय फक्त." मग थोडं थांबून, "मोठीची आठवण येते हो आई. एकाच घरात असून."

मी काहीच बोलू शकले नाही. चार दिवस मला वाटत होतं की मी मोठीला सांभाळते म्हणजे आईची उणीव भरून काढते. उणीव दोघींना एकमेकींची होती. ती माझ्यानं कशी भरणार?

रविवार

सकाळचं पाजून झालं, ढेकर निघाली. मी विचारलं, "तासभर याला मी घेऊ?" सूनबाईनं बाळ माझ्या खांद्यावर दिलं. मग मोठीला म्हटलं, "जा, आई रिकामी आहे."

ती लगेच गेली नाही. दारात उभी राहून आधी बाळ खरंच माझ्याकडे आहे ना, ते बघून घेतलं. मग पलंगावर चढली आणि तिनं आईचा हात उचलून आपल्याभोवती ठेवला. दार ओढून घेऊन मी बाळाला बाहेर आणलं. आतून बराच वेळ दोघींची कुजबुज ऐकू येत होती. मग तीही थांबली. पाऊण तासानं डोकावले, तर दोघी गाढ झोपल्या होत्या. मोठीच्या मुठीत आईची वेणी होती.

बाळ चुळबुळायला लागलं तेव्हा मी त्याला घेऊन आणखी दोन फेऱ्या मारल्या.