सायकल जड जाते? आधी सीट आणि हवा बघा

नवी सायकल आठवडाभर चालवली की गुडघे दुखतात, दम लागतो आणि ती कोपऱ्यात जाते. आपल्यात ताकद नाही असं वाटतं. पण बरेचदा चूक सीटच्या उंचीत आणि टायरच्या हवेत असते, आणि दहा मिनिटांत ती दुरुस्त होते.

भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा. एक पायडल अगदी खाली आणून त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. टाचेऐवजी चवडा ठेवला की तो किंचित वाकतो. हीच योग्य उंची. बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला पुरावेत म्हणून नवशिके सीट खाली ठेवतात. मग प्रत्येक फेऱ्याला गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीपाशी दुखायला लागतं. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायची सवय लावा, म्हणजे उंच सीटची भीती राहत नाही. पायडल मारताना कंबर डावी-उजवीकडे झुलत असेल तर मात्र सीट 5-5 मिलिमीटरने खाली घ्या. सीटच्या दांड्यावरची मर्यादेची खूण नळीबाहेर दिसता कामा नये.

हवेची मर्यादा टायरच्या कडेवर छापलेली असते. दोन इंची टायरला साधारण 35 ते 50 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरते. न चालवताही हवा कमी होते, म्हणून दर आठवड्याला तपासा. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडभोकं दिसली तर काटा शोधत बसू नका.

गिअर हलकाच बरा. उजवा गुडघा 15 सेकंदांत 18 ते 20 वेळा वर आला पाहिजे. चढ लागायच्या आधी आणि थांबायच्या आधी गिअर उतरवा. जोर लावून चढताना बदलला तर चेन कडकडते, कधी निसटतेही.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड 20-30 मिनिटं, बोलता येईल इतक्याच वेगाने. मग कामाला सायकलने जा. ताशी 15 किलोमीटरने 5 किलोमीटरला 20 मिनिटं लागतात, पण सिग्नल वेगळे धरा आणि सुट्टीच्या दिवशी तो रस्ता एकदा चालवून बघा. सामान पाठीवर न घेता कॅरिअरला बांधा. पाठ घामाने भिजत नाही. हेल्मेट, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब राहा, दार कधीही उघडतं.

निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबा. लिव्हर हँडलला टेकत असेल तर तार ताणून घेतल्याशिवाय निघू नका.

चेनला तेल देताना आधी ती फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर एकच थेंब सोडा, पायडल उलटं फिरवा आणि वरचं तेल पुन्हा पुसून काढा. ते तसंच राहिलं तर धूळ बसून काळा लगदा होतो आणि चेनसकट दाते झिजतात.